वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर सुरू होता होता अडतो तेव्हा

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकाच वाक्यात आहे : ‘कॉम्प्युटर सुरू होत नाही.’ एवढ्यावरून उत्तर देणं कठीण आहे. बटण दाबल्यावर काहीच न घडणं आणि पासवर्ड टाकल्यावर स्क्रीन काळी होणं, या दोन्हींना आपण ‘सुरू होत नाही’ म्हणतो, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, जागं होतं. त्याला आपण अजून बायोसच म्हणतो. गेल्या दहाएक वर्षांतल्या मशिनांत ते प्रत्यक्षात यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, असतं. ते प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासतं, मग डिस्कवरच्या एका लहानशा पार्टिशनमधला बूट मॅनेजर शोधतं. बूट मॅनेजर विंडोजचा गाभा रॅममध्ये आणतो, गाभा ड्रायव्हर, म्हणजे एकेका हार्डवेअरला चालवणारे छोटे प्रोग्रॅम, चढवतो आणि सगळ्यात शेवटी लॉग-इनची स्क्रीन येते. गाडी यातल्या कुठल्या टप्प्यावर अडली हे कळलं की निम्मं काम झालं. म्हणून पुढच्या वेळी लिहिताना स्क्रीनवर शेवटचं काय दिसलं ते शब्दशः कळवा, जमल्यास मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न : डेस्कटॉपचं बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. विंडोज पुन्हा टाकली तर दुरुस्त होईल का?

नाही, विंडोजला हात लावू नका. तिची पाळीच अजून आलेली नाही. डिस्क पूर्ण काढून ठेवली तरी धडधाकट मशीन कंपनीचं चिन्ह किंवा बायोसची स्क्रीन तरी दाखवतंच. तुमच्याकडे तेही दिसत नाही, म्हणजे दोष हार्डवेअरचा आहे किंवा जोडणीचा.

आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच हवी. मदरबोर्डवरचं पोर्ट अशा वेळी बहुधा बंद असतं, आणि काही प्रोसेसरांत ग्राफिक्स मुळातच नसतं. इंटेलच्या ज्या मॉडेलांच्या शेवटी एफ अक्षर असतं ते त्यातलेच. मॉनिटरच्या मेन्यूत एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट, यातलं नेमकं कोणतं इनपुट निवडलंय तेही तपासा. हसू नका, साफसफाईनंतर बंद पडलेल्या कितीतरी मशिनांचं कारण एवढंच निघतं.

ते ठीक असेल तर संशय रॅमवर. मुख्य स्विच बंद करा, पॉवर केबल काढा आणि मग पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावा, मगच रॅमला. सगळ्या पट्ट्या काढा आणि एकच पट्टी प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकट्या पट्टीची जागा तीच असते. पट्टीतली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. क्लिप ‘टक्’ आवाज करून आपोआप मिटली पाहिजे. बोटाने मिटवावी लागत असेल तर पट्टी अजून पूर्ण बसलेली नाही. एका पट्टीने चालू झालं नाही तर दुसरी लावून बघा. खोडरबराने संपर्कपट्टी घासण्याची पद्धत सर्रास आहे, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि सोन्याचा मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेलं, धागे न सुटणारं कापड हलक्या हाताने फिरवलं तर पुरतं.

इथे नवखे लोक एक घाई हमखास करतात. डीडीआर ५ रॅमच्या मशीनमध्ये पट्टी बदलल्यावर बोर्ड पहिल्या वेळी रॅमची जुळणी करतो आणि त्याला काही मिनिटंही लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते, कधी मशीन स्वतःहून एकदा-दोनदा बंद-चालूही होतं. ‘नाही झालं’ म्हणून बटण दाबलं की जुळणी पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं तरी हात बांधून बसा.

अनेक मदरबोर्डांवर काठाला चार बारीक दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जो पेटून राहिला तिथे तपासणी अडली. दिव्यांऐवजी बीप ऐकू येत असतील तर त्यांचा अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेतच बघा. तीन बीपचा अर्थ एका कंपनीकडे एक तर दुसरीकडे भलताच. मशीन नुकतंच उघडलं असेल तर प्रोसेसरला वीज देणारा चौकोनी आठ पिनांचा कनेक्टर, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला, बसलाय ना ते बघा. तो सुटला तरी पंखे फिरतात, म्हणूनच गफलत होते.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, चार्जर लावा, पुन्हा चालू करा. तरी काळंच असेल तर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन आतून चालू आहे, फक्त चित्र दिसत नाही. बाहेरचा मॉनिटर जोडून खात्री करा, किंवा अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर मागचा प्रकाश गेलाय.

प्रश्न : जुन्या पीसीवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं. बायोसमध्ये तारीखही दर वेळी कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते. डिस्क गेली का?

तारीख मागे जाते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल, सीआर २०३२, संपलाय. वीज पूर्ण काढली की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि त्यात नुसतं घड्याळ नसतं. डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची (एएचसीआय की रेड) आणि बूट जुन्या लेगसी पद्धतीने करायचं की यूईएफआयने, हेही असतं. विंडोज ज्या पद्धतीवर बसवली होती ती बदलली की बूट मॅनेजर सापडत नाही, किंवा सापडूनही ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन येते.

सेल बदला. तो ३ व्होल्टचा असतो आणि अधिकचं चिन्ह वर येईल असा बसतो. मग चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहून बायोसमध्ये जा आणि डिस्कचं नाव यादीत आहे का ते बघा. सगळा निकाल तिथे लागतो.

नाव दिसत असेल तर काम सेटिंगचं आहे. बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सगळ्यात वर आणा. तो यादीतच नसेल आणि मशीन बरंच जुनं असेल तर विंडोज लेगसी पद्धतीने बसवलेली असण्याची शक्यता आहे. त्या जुन्या पद्धतीने बूट करू देणारा सीएसएम नावाचा पर्याय चालू करून बघा. साटा मोड (डिस्क वाचण्याची ती पद्धत) एएचसीआयवर असेल तर रेडवर, रेडवर असेल तर एएचसीआयवर, असं एकेकदा बदलून पाहिलं तर डेटाला धोका नाही. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला आणि आधीची नोंद कागदावर ठेवा. मात्र डिस्कच्या यादीत ‘रेड व्हॉल्यूम तयार करा’ अशा अर्थाचा काही पर्याय दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, तो डिस्क पुसतो. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये विंडोज न सापडण्याचा हाच घोळ व्हीएमडी नावाच्या सेटिंगने होतो.

नाव दिसतच नसेल तर साटा केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा लावा, दुसऱ्या पोर्टवर लावा, दुसरी केबल वापरून बघा. एम डॉट टू प्रकारची एसएसडी असेल तर स्क्रू काढा, पट्टी तिरकी बाहेर घ्या आणि पुन्हा नीट बसवा. फिरणारी हार्ड डिस्क ठरावीक लयीत टकटक करत असेल तर प्रयोग तिथेच थांबवा. त्याबद्दल पुढे लिहिलंय. आणि हो, यूएसबी पोर्टमध्ये विसरलेला पेनड्राइव्ह आधी काढा.

प्रश्न : लॅपटॉप ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ म्हणतो, मग ‘दुरुस्ती झाली नाही’ म्हणतो, रिस्टार्ट केला की पुन्हा तेच. या चक्रातून बाहेर कसं पडायचं?

एक चांगली बाजू अशी की फर्मवेअर, डिस्क आणि बूट मॅनेजर तुमच्याकडे एवढं तरी काम करतायत की दुरुस्तीचं साधन उघडतंय. ज्यांच्याकडे ते आपोआप येत नाही त्यांच्यासाठी : चालू केल्यावर कंपनीचं चिन्ह आणि खाली फिरणारे ठिपके दिसले की पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं लागोपाठ दोनदा केलं की तिसऱ्या वेळी विंडोज स्वतःच ते उघडते. लॉग-इनची स्क्रीन येत असेल तर एवढा जुलूम करायला नको; शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्ट निवडा. विंडोज ७ च्या काळातली एफ ८ ची युक्ती विंडोज ८ पासून मुळात बंद आहे, ती कळ दाबत बसू नका.

आता ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा, तिथून ‘ट्रबलशूट’ आणि पुन्हा ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’. इथे बरेच पर्याय दिसतात आणि लोक वाटेल तो दाबतात. क्रम महत्त्वाचा आहे : आधी जे परत फिरवता येतं ते, जे फिरवता येत नाही ते शेवटी.

प्रिंटर, डोंगल, बाहेरची डिस्क, सगळं काढा. ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदाच चालवा; ती दहा वेळा चालवून अकराव्यांदा वेगळं काही करत नाही. मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मध्ये जा. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ‘क्वालिटी अपडेट’ काढा. हे दर महिन्याला येणारे लहान अपडेट. ‘फीचर अपडेट’ म्हणजे वर्षातून एखादा येणारा मोठा. त्यानंतर ‘सिस्टिम रिस्टोअर’. त्यात जुनी तारीख दिसली तर तुमचं नशीब, कारण बऱ्याच मशिनांत ही सोय बंदच असते आणि यादी रिकामी येते. रिस्टोअरने तुमच्या फाइल्स जात नाहीत, त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात.

एवढ्याने भागलं नाही तर कमांड प्रॉम्प्ट. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. इथे आम्ही उच्चार देतोय. पहिलं काम ड्राइव्हचं अक्षर ओळखणं. दुरुस्तीच्या वातावरणात तुमची सी ड्राइव्ह कधी डी, कधी ई म्हणून दिसते, आणि लोक भलत्याच पार्टिशनवर तपासणी करून ‘काही दोष नाही’ असं समाधान करून घेतात. ‘डिस्कपार्ट’ टाइप करून एंटर, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’, एंटर. आकारावरून विंडोजचं पार्टिशन ओळखा, अक्षर लिहून घ्या, ‘एक्झिट’ करा. एफएटी ३२ लिहिलेलं, बहुधा १०० एमबीच्या आसपासचं पार्टिशन दिसेल ते बूट मॅनेजरचं. ते ‘फालतू’ समजून पुसू नका.

अक्षर सी आहे असं धरू. चेकडिस्क अशी चालते : सी-एच-के-डी-एस-के जोडून, स्पेस, सी आणि कोलन, स्पेस, तिरपी रेघ (/) आणि एफ. फाइल सिस्टिममधल्या चुका तेवढ्यात सुधारतात. एफऐवजी आर लिहिलं तर ती डिस्कचा प्रत्येक कोपरा वाचते. मोठ्या हार्ड डिस्कवर हे कित्येक तास चालतं आणि टक्केवारी एकाच आकड्यावर तासभर अडकलेली दिसू शकते. मरणासन्न डिस्कवर आर मुळीच चालवू नका; तिच्यात उरलेला जीव फाइल्स बाहेर काढण्यासाठी लागणार आहे.

दुसरी कमांड विंडोजच्या मोडलेल्या फाइल्स जागेवर आणते : एस-एफ-सी, स्पेस, /स्कॅननाऊ, स्पेस, /ऑफबूटडिर=सी:\, स्पेस, /ऑफविनडिर=सी:\विंडोज. यातलं ‘डिर’ म्हणजे डी-आय-आर. हे शेवटचे दोन भाग गाळले तर ती तुमची विंडोज सोडून दुरुस्तीच्या वातावरणालाच तपासायला जाते, म्हणून पुष्कळांना ‘एसएफसी इथे चालत नाही’ असं वाटतं.

स्क्रीनवर बीसीडी असा उल्लेख किंवा ‘०एक्ससी००००००एफ’ असा कोड असेल तर बूट मॅनेजरची यादी बिघडलीय. तेव्हा बी-सी-डी-बूट जोडून, स्पेस, सी:\विंडोज एवढ्याने नवी यादी लिहिली जाते. ‘बूटरेक’ आणि ‘फिक्सबूट’ या जोडीचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण यूईएफआय मशिनांवर तिथे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येणं नेहमीचं आहे. त्यात अडकून पडू नका.

प्रश्न : बायोस अपडेट केल्यावर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची ‘रिकव्हरी की’ मागतोय. मी असं काही कधीच चालू केलं नव्हतं.

तुम्ही केलं नसेल, पण मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करताना अनेक मशिनांवर बिटलॉकर, म्हणजे किल्लीशिवाय डिस्क वाचता येऊ नये असं एन्क्रिप्शन, आपोआप चालू होतं. किल्ली मशीनमधल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा भागात असते. बायोस, सिक्युअर बूट (अनोळखी बूट लोडर अडवणारी सोय) किंवा बूट क्रम बदलला की टीपीएमला शंका येते आणि ती किल्ली द्यायला नकार देते. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही, पहारेकरी आपलं काम करतोय.

ही की ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. दुसऱ्या मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा. डिव्हाइसच्या पानावर ‘रिकव्हरी कीज’ मिळतात. एकापेक्षा जास्त असतील तर स्क्रीनवरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं जुळणारी घ्या. लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर की तिथल्या आयटी विभागाकडे असेल. घरात मशीन सुरुवातीला दुसऱ्या कोणी लावून दिलं असेल तर त्यांच्या खात्यातही शोधा. तिथे सापडण्याचे प्रसंग बरेच असतात. टाइप करताना एखादा गट लगेच नाकारला गेला तर अंक चुकलाय. प्रत्येक गट ११ ने भाग जाणारा असतो, त्यामुळे चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

बदललेली सेटिंग आठवत असेल तर ती पूर्ववत करून बघा, कधीकधी मागणी थांबते. की कुठेच नसेल तर डेटा मिळत नाही. ‘बिटलॉकर तोडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पुढच्या वेळी बायोस अपडेटच्या आधी कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. बंद करायची गरज नाही.

प्रश्न : नवा अँटिव्हायरस टाकल्यापासून लोगो येतो आणि लगेच निळी स्क्रीन. सेफ मोडमध्ये जाऊन काढायचा प्रयत्न केला तर अनइन्स्टॉल होत नाही.

अँटिव्हायरस विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवतो. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटा बंद पडतो, गाभ्यातला ड्रायव्हर कोसळला की अख्खी विंडोज खाली बसते. १९ जुलै २०२४ ला जगभर दिसलं ते हेच : क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेट फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. उपाय तसा सोपा होता, सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाऊन ती एक फाइल पुसायची. पण तो मशीनसमोर बसून करावा लागत होता आणि जिथे बिटलॉकर होतं तिथे आधी ४८ अंक शोधायचे होते.

तुमचं अनइन्स्टॉल अडतंय कारण सेफ मोडमध्ये ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सेवा चालत नाही, आणि बरेच प्रोग्रॅम काढण्यासाठी तीच लागते. दोन मार्ग आहेत. अँटिव्हायरस कंपन्या स्वतःचं वेगळं ‘रिमूव्हल टूल’ देतात, ते दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. किंवा वर लिहिलेलं सिस्टिम रिस्टोअर वापरा. ग्राफिक्स किंवा वायफायच्या ड्रायव्हरनंतर असं झालं असेल तर सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं.

सेफ मोडसाठी वर सांगितलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, मग ‘रिस्टार्ट’ आणि यादी आली की ४. इंटरनेट हवं असेल तर ५. तिथे पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो, तो आधी आठवून ठेवा. स्क्रीनवरचा स्टॉप कोड आणि खाली ‘व्हॉट फेल्ड’समोर फाइलचं नाव असेल तर ते टिपून घ्या, कारण दोषी ड्रायव्हर बहुधा तिथेच सापडतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ही स्क्रीन निळी नसून काळी असते, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : पासवर्ड घेतो, मग काळी स्क्रीन आणि फक्त माउसचा बाण.

विंडोज चालू झालीय, डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोरर चढलेला नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर आला तर ‘रन न्यू टास्क’मध्ये ‘एक्सप्लोरर’ लिहून एंटर. काहीच उमटत नसेल तर विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी. यात ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बीप ऐकू येतो. रोजच असं होत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्याच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावरही गाभा पूर्ण बंद होत नाही, बिघडलेली अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत येते. ‘रिस्टार्ट’ने बरं होतं पण ‘शट डाउन’ने होत नाही, या कोड्याचं उत्तर हेच.

प्रश्न : विंडोजसोबत उबुंटू होतं. जागा हवी म्हणून विंडोजमधून त्याचं पार्टिशन उडवलं. आता काळ्या स्क्रीनवर फक्त ‘ग्रब’ आणि एक टोकदार कंस.

ग्रब हा उबुंटूसारख्या लिनक्सचा बूट लोडर. त्याचा छोटा भाग त्या १०० एमबीच्या पार्टिशनमध्ये उरलाय, बाकीचा तुम्ही उडवलेल्या जागेत होता. बायोसमध्ये जाऊन बूट क्रमात ‘उबुंटू’च्या वर ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणा, बहुतेक वेळा तेवढ्यावर मिटतं. जुन्या लेगसी मशीनवर मात्र इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हने बूट करून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बूटरेक’, स्पेस, ‘/फिक्सएमबीआर’ द्यावं लागतं. यापुढे लिनक्स काढायचं झालं तर क्रम आधी बदला, पार्टिशन नंतर उडवा.

प्रश्न : दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅटशिवाय इलाज नाही. आत वडिलांचे फोटो आहेत.

विंडोज बिघडणं आणि फोटो जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फॉरमॅट आधी करून मग रिकव्हरी करू म्हणणाऱ्याला थांबवा. एसएसडीवर तर पुसलेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच लवकर मोकळ्या करते, नंतर काहीही हाती लागत नाही.

डिस्क दिसत असेल तर फोटो घरच्या घरी काढता येतात. दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर करा. नोटपॅड उघडलं की फाइल मेन्यूतून ‘ओपन’, आणि खालच्या चौकटीत ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ऐवजी ‘ऑल फाइल्स’ निवडा. ही छोटी खिडकी म्हणजे आयता फाइल मॅनेजर. सी ड्राइव्हमध्ये ‘यूझर्स’, तुमचं नाव, ‘पिक्चर्स’. फोल्डरवर उजवं क्लिक, ‘सेंड टू’, आणि आधी जोडून ठेवलेला पेनड्राइव्ह. कॉपी चालू असताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर थांबा. ‘डेस्कटॉप’ आणि ‘डाउनलोड्स’ विसरू नका, निम्मे फोटो तिथेच पडलेले असतात.

डेटा खूप असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हने बूट करा आणि ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नाही. किंवा डिस्क काढून यूएसबी एनक्लोजरमध्ये (डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या डबीत) घालून दुसऱ्या मशीनला जोडा. यासाठीही बिटलॉकर असेल तर की लागेल. काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच डकवलेलं असतं, तिथे पेनड्राइव्हचाच मार्ग उरतो. टकटक करणारी किंवा यादीतून अधूनमधून गायब होणारी डिस्क मात्र चालू-बंद करून बघू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. ती थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

फोटो बाहेर आले आणि दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिले की मग ‘रीसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर तुमच्या खात्याच्या फोल्डरांतल्या फाइल्स राहतात, प्रोग्रॅम सगळे जातात. ‘क्लाउड डाउनलोड’ला साधारण ४ जीबी डेटा लागतो, पण स्थानिक फाइल्स बिघडल्याची शंका असेल तर तोच निवडा.

प्रश्न : सध्या सगळं ठीक चालू आहे. आधीच काय करून ठेवावं?

किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने त्यावर विंडोजचं इन्स्टॉलेशन तयार करा. त्यातला जुना मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवा. दुरुस्तीचं साधन मशीनमधूनच गायब झालं तरी या पेनड्राइव्हने बूट करून, ‘इन्स्टॉल’ न दाबता ‘रिपेअर’चा पर्याय निवडला की वर सांगितलेले बहुतेक पर्याय मिळतात. त्यावरून बूट करण्याची कळ मशीननुसार एफ १२, एफ ९ किंवा एस्केप असते. तुमची कोणती ते आजच बघून पेनड्राइव्हला चिठ्ठी लावा. सिस्टिम रिस्टोअर चालू करा. बिटलॉकरची की कागदावर लिहा आणि लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. विंडोज १० वर असाल तर तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ११ वर जाताना टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतात, आणि त्यासाठी बायोसमध्ये हात घालण्याआधी तोच कागद जवळ हवा.